बारा चौकटींची आई

संत लुकासच्या दिवशी लुकास व्रानासच्या घराचं दार सकाळपासून सताड उघडं असे. नावाच्या संताचा दिवस म्हणजे बोलावणं लागत नाही. ज्याला आठवेल त्याने यावं, "उदंड आयुष्य लाभो" म्हणावं, चमचाभर चेरीचा मुरांबा खावा, वर पाणी प्यावं आणि पुढच्याला जागा करून द्यावी. पण लुकासकडे आलेला पाहुणा उठत नसे, ही अथेन्सच्या पेट्रालोना वस्तीतली जुनी तक्रार होती. यंदा तर सण रविवारी आला होता. चर्च सुटलं आणि अर्धी वस्ती घरी जाण्याऐवजी इकडेच वळली.

एवांथिया तबक घेऊन फिरत होती. तोंडाने सगळ्यांशी बोलत होती, हसत होती, समोरच्या घरातल्या थेओपिस्तीला मुरांब्याचा तिसरा चमचा देत होती, पण तिचा जीव मागच्या अंगणात अडकला होता. तिथे भिंतीला तोंड करून बारा चौकटी उभ्या होत्या. प्रत्येक चौकट दरवाजाएवढी, लाकडी, वर कागद ताणून चिकटवलेला, सरसात कालवलेले भुकटीचे रंग नुकते वाळलेले. उद्या सोमवारी सकाळी सात वाजता त्या पोलिक्रोनिस शेठच्या सिनेमाघरावर चढायच्या होत्या. त्या बारा चौकटींत काय आहे ते एवांथियाला दहा दिवसांपासून माहीत होतं आणि तिच्या नवऱ्याला नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून इतके दिवस काही लपवलं नव्हतं. फार तर दोन दिवस, तेही चपला घेतल्या तेव्हा.

लुकास बैठकीत खुर्चीवर बसला होता आणि त्याचा प्लास्टरमधला पाय समोरच्या स्टुलावर होता. सप्टेंबरात शिडीवरून पडला तेव्हापासूनचं हे प्लास्टर. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, शिडी संपली, गुडघ्यावर बसून रंगवणंही संपलं. पुतण्या मिनासने कालच त्या प्लास्टरवर लाल, तिरप्या, सावली दिलेल्या अक्षरांत ‘उदंड आयुष्य’ लिहिलं होतं, अगदी सिनेमाच्या नावासारखं, आणि येणारा प्रत्येक जण आधी पायाला दाद देऊन मग माणसाकडे वळत होता.

उजव्या हाताला धाकटा भाऊ स्ताथिस सकाळपासून असा बसला होता, जणू खुर्ची त्याच्या नावावर होती. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लुकासने आठवड्यापूर्वीच जाहीर केलं होतं, यापुढे स्केच कोण काढणार ते मी माझ्या सणाला, जेवणाच्या वेळी सांगेन. स्केच ज्याच्या हातात, सिनेमाच्या पोस्टरांचा हा कारखाना त्याच्या हातात. बाकीचे फक्त रंग भरतात. स्ताथिसला वाटत होतं, माझा मिनास. एवांथियाला वाटत होतं, माझी आर्गिरो. सत्तावीस वर्षांची पोर, सहा वर्षांची होती तेव्हापासून सरस ढवळत आलेली, आणि गेले पाच आठवडे बाप अंथरुणावर असताना तिनेच कारखाना चालवला होता. आज बापाने मिनासचं नाव घेतलं तर ती साबणाच्या कंपनीत वेष्टनं रंगवायला जाणार होती. तिने तसं आईला सांगितलं होतं, आणि आर्गिरो सांगते ते करते, ही तिची वाईट खोड होती.

एवांथिया रिकामं तबक घेऊन स्वयंपाकघरात आली. आर्गिरो तिथे पाण्याचे पेले विसळत होती, खरं तर एकच पेला पुन्हा पुन्हा.

"सांगून टाक," एवांथिया म्हणाली. "सणाच्या दिवशी माणूस ओरडत नाही."

"बाबा ओरडतो."

"ओरडतो, पण लवकर थांबतो."

"आई, उद्या सात वाजता ते वर गेलं की त्याला दिसेलच. एकदा वर गेलेलं पोस्टर तो उतरवत नाही. युद्धात जर्मन फौज शहरात होती तेव्हाही त्याने उतरवलं नव्हतं."

"आणि मी? मी दहा दिवस त्याच्या शेजारी झोपतेय."

आर्गिरोने पेला खाली ठेवला. "तू काही केलेलं नाहीस. तू फक्त बसलीस."

हेही खरं होतं. एवांथिया वीस वर्षं फक्त बसत होती. रडक्या सिनेमाचं पोस्टर कसं असतं ते अथेन्समध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. वर सिगारवाला श्रीमंत बाप, एक भुवई चढवलेली. मध्ये नायक-नायिका, गालाला गाल. मागे एक वीज. नाव लाल आणि तिरपं. आणि खाली कोपऱ्यात काळा रुमाल बांधलेली आई, गालावर टरबुजाएवढा अश्रू. नायक-नायिकेचे फोटो निर्माता पाठवतो, आईचा फोटो कोणी पाठवत नाही, म्हणून लुकास बायकोला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायचा आणि म्हणायचा, दुःखी हो. अश्रू मात्र स्ताथिसचा. तसा अश्रू दुसऱ्या कोणाला जमत नसे, आणि तो तसं दर आठवड्याला सांगतही असे. अशी एवांथिया शहरभर सिनेमाघरांवर रडत होती. प्रत्यक्षात गल्लीत तिच्याइतकी हसरी बाई नव्हती. एकदा वाण्याच्या नव्या बायकोने तिला ओळखून हात धरला होता आणि विचारलं होतं, कोण गेलं हो तुमचं?

बाहेर गलका झाला. पोलिक्रोनिस शेठ आला होता. हातात केकचं खोकं, डोक्यावर हॅट, आणि आल्या आल्या हॅट न काढताच म्हणाला, "उदंड आयुष्य, लुकास. आता दाखव."

"बस तरी," लुकास म्हणाला.

"बसतो. उद्या उद्घाटन आहे, मला रात्री झोप लागत नाही. एक तुकडा दाखव, म्हणजे मुरांबा गोड लागेल."

लुकास खूश झाला. पाच आठवडे त्याने रंगाचा वाससुद्धा घेतला नव्हता. "मिनास, जा, एक चौकट घेऊन ये. कुठलीही."

आता बारातली कुठलीही म्हटल्यावर सिगार येऊ शकली असती, वीज येऊ शकली असती, नायिकेचा कान येऊ शकला असता. मिनास सगळ्यात जवळची उचलून घेऊन आला आणि भिंतीला टेकवून बाजूला झाला. ती अकरा नंबरची होती.

चौकटीभर एक तोंड होतं. बाईचं, वयस्कर, ओठांच्या कडेला सुरकुत्या, आणि मोठ्याने हसणारं.

"हे काय आहे?" लुकासने विचारलं.

"तोंड," मिनास म्हणाला.

"तोंड आहे ते मला दिसतंय. कोणाचं?"

"आईचं."

"कोणाच्या आईचं? ‘न बोलावलेली’ या सिनेमातल्या? ती धोबीण? जिचा पोरगा डॉक्टर होतो आणि तिला विसरतो?" लुकास पुढे वाकला, प्लास्टर स्टुलावरून घसरता घसरता राहिलं. "ती हसते कशाला?"

"दात दिसतायत," स्ताथिस म्हणाला. "चौदा. मी मोजले. दादा, आपण इतकी वर्षं रडके सिनेमे केले, एका आईचा दात कधी दाखवला नाही."

पोलिक्रोनिसने मुरांब्याची बशी खाली ठेवली. "लुकास, मी रडका सिनेमा घेतलाय. त्याला बायका येतात, रुमाल घेऊन येतात. हे बघून त्या पोराबाळांना घेऊन येतील, हसायला. अर्ध्या तासात सगळी पोरं भोकाड पसरतील आणि त्यांचे बाप माझ्या खुर्च्या मोडतील."

"आर्गिरो," लुकासने हाक मारली. आवाज चढवला नाही, म्हणून एवांथियाला जास्त भीती वाटली.

आर्गिरो हात पुसत आली.

"मी पास केलेल्या स्केचमध्ये हे नव्हतं."

"होतं, बाबा. मसुरीएवढं होतं. तू म्हणालास, ठीक आहे, सिगार जरा मोठी कर. मी केली."

"मी काय शिकवलं तुला? ट्रॉलीबस चौकात वळते तेवढ्या वेळात माणसाला कळलं पाहिजे."

"रुमाल घ्यायचा, का बायकोला घ्यायचं, का दोघांना. माहीत आहे. सगळं तुझ्याच नियमाने केलंय. बाप आहे, सिगार आहे, गालाला गाल आहे, वीज तर दोनदा आहे. फक्त ती हसते. सिनेमातही हसते. साखरपुड्याच्या घरात ती येते, सासरा विचारतो ही कोण, आणि पोरगा म्हणतो, आमचे कपडे धुते. तेव्हा ती हसते आणि म्हणते, हो तर, शर्ट फार मळवतात हे. पोराचं लग्न मोडू नये म्हणून. खासगी खेळाला मी तिथे होते. तोपर्यंत सगळे रुमालात नाकं शिंकरत होते, तेव्हा मात्र कोणाचा श्वाससुद्धा ऐकू आला नाही."

"संत लुकासने स्वतः देवाच्या आईचं चित्र काढलं," स्ताथिस म्हणाला. "हसताना काढलं का?"

"तिला कोणी विचारलं नसेल, भाऊजी," एवांथिया बोलून गेली.

लुकासने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या तोंडाकडे. मग परत तिच्याकडे. एकतीस वर्षं ज्या तोंडासमोर जेवला ते त्याला ओळखू येणारच होतं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"किती दिवस?"

"दहा."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पाय नीट स्टुलावर ठेवला. "मिनास, थोडा काळा कालव, थोडा गेरू. तिचं तोंड बंद कर. स्ताथिस, तू अश्रू काढ. संध्याकाळपर्यंत वाळेल. आणि जेवणापर्यंत थांबायचं कारण नाही, आताच सांगतो. उद्यापासून स्केच—"

"मी नाही बंद करणार, काका," मिनास म्हणाला.

स्ताथिसने पोराकडे असं पाहिलं, जणू त्याच्याऐवजी खुर्चीच बोलली.

"ते तोंड मी रंगवलंय. स्केच तिचं, पण रंग माझा. तीन दिवस लागले. आणि काका, आधीच सांगतो, स्केच मला नको. मला चेहरे जमत नाहीत. मी काढलेला नायक आणि घोडा यांत फरक फक्त खोगिराचा. मला अक्षरं द्या. जन्मभर अक्षरं द्या, मी तक्रार करणार नाही."

"गाढवा," स्ताथिस म्हणाला. "मी इथे सकाळपासून कोणासाठी बसलोय?"

"मुरांब्यासाठी असेल असं वाटलं मला."

कोणीतरी मागे हसलं आणि ते लपवायला खोकलं. एवांथियाच्या मनात आलं, मिनासला आत नेऊन पोटभर खाऊ घालावं. पण लुकासचा चेहरा बदलला नव्हता, आणि शेवटचा शब्द त्याचाच होता. तो नाही म्हणाला तर चौकट पांढरी व्हायची.

"बाबा," आर्गिरो म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय याचा तिला राग आलेला दिसत होता. "नऊ वर्षांची होते तेव्हा मी एक चौकट बघून म्हटलं होतं, हा नायक तिरळा आहे. तू मला काय केलं होतंस?"

लुकासने प्लास्टरवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"ब्रशच्या दांड्याने बोटांवर मारलं होतंस. आणि म्हणाला होतास, एका चौकटीवरून जो बोलतो त्याने दुसरा धंदा बघावा."

बैठकीतल्या सगळ्यांनी आता लुकासकडे पाहिलं. तो अडकला होता, आणि स्वतःच्याच शिकवणीत अडकला होता. थेओपिस्ती, जिला या घराच्या भांडणांत चाळीस वर्षांचा अनुभव होता, तिने चमचा चाटून बशीत ठेवला. "मलाही हेच विचारायचं होतं. बाकीची बाई कुठे आहे? माझ्या गच्चीवर चला. रस्त्यावर मांडा, वरून बघा. भांडायचं ते सगळं बघून भांडा."

मग जे झालं त्याची पेट्रालोनात पुढे वर्षभर चर्चा होती. स्ताथिस, मिनास, पोलिक्रोनिस शेठ आणि चर्चची घंटा वाजवणारा, अशा चौघांनी लुकासला खुर्चीसकट उचललं आणि समोरच्या घराच्या जिन्याने वर चढवलं. दर पायरीला लुकास म्हणत होता, पाय, पाय सांभाळा, आणि पोलिक्रोनिस म्हणत होता, माझी हॅट. एवांथिया मागून प्लास्टर धरून चढली, दोन्ही हातांनी, चर्चच्या मिरवणुकीत मेणबत्ती धरतात तसं. आर्गिरो तीनचाकी गाड्या अडवायला कोपऱ्यावर धावली. जाता जाता पाहुण्यांना ओरडून गेली, मागे नंबर आहेत, एकपासून मांडा.

नंबर होतेच. पण पोस्टर टांगणारी माणसं चौकटी मागून बघतात, म्हणून कारखान्यातले नंबर मागून मोजलेले असतात, समोरून पाहिलं तर उजवीकडून डावीकडे. हे कारखान्याबाहेर कोणाला कशाला माहीत असणार. पाहुण्यांनी शाळेत शिकवल्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडलं, आणि कोणी हुशाराने खालची ओळ वर घेतली.

लुकास कठड्याशी आला आणि त्याने खाली पाहिलं. गालाला गाल लावणारं जोडपं एकमेकांकडे पाठ करून बसलं होतं. बापाची सिगार विजेला लागून पेटली होती. आईचं हसू पार वरच्या टोकाला, डोळे त्याच्या खाली, आणि तिच्या दोन्ही हातांत कुठल्यातरी वेगळ्याच माणसाची टाय.

सगळा रस्ता हसत होता. स्वतः थेओपिस्तीसुद्धा कठड्याला धरून हसत होती. फक्त लुकास हसत नव्हता. त्याला ते सोसवत नव्हतं.

"उलट," तो ओरडला. "अरे उलट मांडलंय, एक नंबर उजवीकडे. उजवीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे. नऊ, दहा, अकरा, बारा, ही सगळी ओळ खाली न्या. पायाजवळ. कोणाच्या काय, चित्राच्या पायाजवळ. पाच तिथे नाही, पाच बाहेर घे. हां. आता सहा त्याला चिकटव, फट ठेवू नकोस, गाल तुटतोय."

तो अर्धा उठला होता, एका पायावर, एवांथियाच्या खांद्यावर भार देऊन. पाच आठवडे मरगळलेला माणूस आता कठड्यावर हात आपटून वस्तीभर हुकूम सोडत होता आणि वस्ती धावत होती. एवांथियाला त्याचा भार जड झाला, पण ती हलली नाही. हा आपल्या पोरीचं चित्र जोडतोय, आणि याच्या लक्षातही आलेलं नाही, असं तिला वाटलं, आणि इतका आनंद झाला की तिने एप्रनचं टोक तोंडावर धरलं.

"अकरा नंबर मधे, खाली. बरोबर. आता सात. सात राहिलाय. त्याच्यावर ठेव. सरळ."

दोन माणसांनी सात नंबरची चौकट अकराच्या वर सरकवली.

खालचा आवाज आपोआप कमी झाला. सगळी वस्ती मान वर करून गच्चीकडे बघत होती. चित्रातलं तोंड हसत होतं. सात नंबरातले डोळे हसत नव्हते. ते रडतही नव्हते. ते दारातून बाहेर जाणाऱ्या माणसाकडे बघावं तसे कुठेतरी बघत होते, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून खालचं तोंड हसत होतं. बाकी सगळं नेहमीचं होतं. बाप, सिगार, वीज, लाल तिरपं नाव. त्यामुळेच नजर दुसरीकडे कुठे जातच नव्हती.

पोलिक्रोनिसने सकाळपासून पहिल्यांदा हॅट काढली. "रुमाल लागतील," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दोन दोन लागतील."

लुकासने ऐकलं नाही. तो बघत होता. एवांथियाच्या खांद्यावरचा त्याचा हात जड झाला.

"एवांथिया," तो म्हणाला. "एक्केचाळीसच्या हिवाळ्यात, लोक भुकेने मरत होते तेव्हा, तू संध्याकाळी घरी यायचीस आणि म्हणायचीस, थेओपिस्तीकडे डाळ होती, मी जेवून आले, तुम्ही दोघं घ्या."

तिने नजर खाली रस्त्याकडे वळवली.

"माझ्याकडे?" थेओपिस्ती म्हणाली. "एक्केचाळीसला? माझ्याकडे उंदीरसुद्धा राहायला तयार नव्हता."

"आणि तू हसायचीस," लुकास म्हणाला.

"फार जुनी गोष्ट आहे, लुका."

"मी खायचो. मला खरं वाटायचं. मी तुझं तोंड बघायचो आणि खायचो." त्याने खाली बोट केलं. "हे डोळे कधी बघितलेच नाहीत मी."

तेवीस वर्षं एवांथियाने ते कोणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. ते दिवस संपले, डाळ आली, साखर आली, मग कशाला काढायचं. आता ते रस्त्यावर दिवसाढवळ्या घराएवढं पसरलं होतं आणि सगळी वस्ती बघत होती, आणि तिला लाज वाटली नाही. हलकं वाटलं. तिने नवऱ्याचा हात खांद्यावरून काढला नाही.

त्याला खाली उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण या वेळी कोणी थट्टा करत नव्हतं आणि थट्टेशिवाय खुर्ची जड होते. आर्गिरो चौकटींच्या कडेला उभी होती. तिने गच्चीवरचं काही ऐकलं नव्हतं. तिने बापाचा चेहरा पाहिला आणि दोन्ही हात मागे बांधले, नऊ वर्षांच्या मुलीसारखे.

"तुला कसं माहीत?" लुकासने विचारलं.

"आई हसायची ते? मी चार वर्षांची होते, बाबा. तू समोर बसायचास, मी खाली. खालून डोळे आधी दिसतात." ती थांबली. "मी आईला स्टुलावर बसवलं होतं, पण ती नुसतीच हसली. मग डोळे मी आठवून काढले."

लुकासने नाक ओढलं. मग तो पोलिक्रोनिसकडे वळला, आणि आवाज खरखरीत करून म्हणाला, "शेठ, पुढच्या सोमवारी काय आहे?"

"विनोदी. दोन जावई आणि एक सासू."

"ते हिच्याशी बोला. मला आता शिडीखाली खुर्ची टाकून बसायचंय आणि लोकांना उजवं-डावं सांगायचंय."

आर्गिरो हसली नाही की रडली नाही. ती वाकून सात नंबरच्या कडेला वर आलेला कागद बोटाने दाबत बसली, बराच वेळ, आणि मिनासने तिच्या पाठीवर एक थाप मारली, त्यात तिचं कपाळ जवळजवळ चित्रातल्या आईच्या कपाळाला लागलं.

"झालं तर," स्ताथिस म्हणाला. तो एकटाच खुर्चीचा पाय धरून उभा होता. "पोराला अक्षरं, पोरीला स्केच. अश्रू कोणाला नकोच आहेत आता."

आर्गिरोने मान वर केली. "काका, पुढच्या सोमवारी सासूला एक लागेल."

"विनोदीमध्ये?"

"विनोदीमध्येच. एकच, पण चांगला हवा."

स्ताथिसने विचार केला. "सासूचा अश्रू वेगळा असतो," तो म्हणाला. "जरा वर काढावा लागतो. बघू," आणि तो बघू म्हणाला म्हणजे त्याने मनात काढायला सुरुवात केली होती.

एवढ्यात बेकरीच्या भट्टीतून कोकराच्या मटणाची आणि बटाट्यांची परात आली. रविवारी सगळ्या गल्लीच्या पराती तिथेच भाजल्या जात, आणि व्रानासांची नेहमी शेवटी येई, कारण ती सगळ्यात मोठी होती. टेबलं अंगणात गेली, वाईन आली, पोलिक्रोनिसचा केक कोणीतरी जेवणाआधीच कापला. एवांथिया पळत होती. याला पाव, त्याला लिंबू, थेओपिस्तीला मऊ तुकडा, कारण तिचे थोडेच दात उरले होते.

"एवांथिया," लुकासने हाक मारली. "इकडे ये. बस."

"आले, एवढी बशी देऊन."

"बशी आर्गिरो देईल. बस."

ती बसली, चुलीवर काही विसरून आलेल्या बाईसारखी, खुर्चीच्या कडेवर. सणाच्या दिवशी ज्याचा सण तो सगळ्यांना खाऊ घालतो, पण लुकासने आजवर कधी स्वतः वाढलं नव्हतं. त्याने प्लास्टर एका बाजूला वळवलं, परात पुढे ओढली, तिच्या बशीत मांडीचा तुकडा ठेवला, चार बटाटे ठेवले, रस्सा ओतला, आणि बशी तिच्यासमोर सरकवली. स्वतःच्या बशीला हात लावला नाही.

"तू घे ना," ती म्हणाली.

"तू जेव आधी."

"लुका, सगळे बघतायत. माझं झालंय, मी मघाशी स्वयंपाकघरात दोन घास खाल्ले, खरंच." आणि सवयीने ती हसली.

लुकासने कोपर टेबलावर टेकलं, जरा पुढे झुकला, आणि तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघितलं. नीट बघितलं, वेळ घेऊन, पोस्टर वर चढण्याआधी बघतो तसं.

"खोटं," तो म्हणाला. "जेव."

एवांथियाने काटा उचलला आणि जेवायला लागली. पहिले दोन घास सावकाश, पुढचे भराभर. मटण चांगलं झालं होतं. तिची बशी रिकामी होईपर्यंत लुकास समोर बसून होता, आणि मगच त्याने पाव मोडला.